बाकू ते जेहान : एका तेलवाहिनीचा मार्ग आणि पाच दिवसांचे युद्ध

५ ऑगस्ट २००८ च्या रात्री पूर्व तुर्कस्तानातील एर्झिंजान प्रांतात, रेफाहिये गावाजवळ, बाकू–तिबिलिसी–जेहान तेलवाहिनीच्या तीस क्रमांकाच्या व्हॉल्व्ह केंद्रात स्फोट झाला. अझरबैजानची राजधानी बाकूपासून जॉर्जियाच्या तिबिलिसीमार्गे तुर्कस्तानच्या भूमध्य किनाऱ्यावरील जेहान बंदरापर्यंत जाणारी ही वाहिनी एरवी कोणाच्या नजरेस पडत नाही. १,७६८ किलोमीटरचा तिचा प्रवास जमिनीखालून होतो, आणि वरून शेती, गुरे, रस्ते यांचे व्यवहार निवांत चालू असतात. मधूनमधून कुंपण घातलेले एक छोटेसे आवार लागते. प्रवाह अडवण्याची झडप तिथे असते आणि बाहेरच्या माणसाचा हात वाहिनीला लागू शकतो तो बहुधा अशाच ठिकाणी. स्फोटानंतर दोन्ही बाजूंच्या झडपा बंद केल्या गेल्या. मधल्या भागात अडकलेले तेल संपेपर्यंत आग जळू देण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ती पुढे अनेक दिवस जळत राहिली. तुर्कस्तानातील कुर्दी बंडखोरांच्या कुर्दिस्तान कामगार पक्षाने, म्हणजे पीकेकेने, या स्फोटाची जबाबदारी घेतली.

त्यानंतर दोनच दिवसांनी, ७ ऑगस्टच्या रात्री, जॉर्जियाच्या तोफखान्याने, देशातून फुटून निघालेल्या दक्षिण ओसेशिया प्रदेशातील त्स्खिन्वाली शहरावर मारा सुरू केला. रशियन रणगाडे रशिया आणि दक्षिण ओसेशियाला जोडणाऱ्या रोकी बोगद्यातून खाली उतरले आणि कॉकेशसमध्ये पाच दिवसांचे युद्ध पेटले.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या की मनात एक कथा आपसूक जुळते : अमेरिकेने रशियाला वगळून तेलवाहिनी बांधली, रशियाला ते खुपले आणि संधी मिळताच त्याने जॉर्जियावर रणगाडे घातले. आपल्याकडे चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिनीच्या चर्चेपर्यंत, कोणत्याही युद्धाचा विषय निघाला की “सगळे तेलासाठी चालले आहे” हे वाक्य पाच मिनिटांच्या आत येते, आणि ते म्हणणारा माणूस पूर्णपणे चुकत असतो असेही नाही. हे प्रकरण त्या वाक्याची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम निवडले आहे, कारण वाहिनी कोणी, का आणि कोणत्या मार्गाने बांधली, युद्धात तिचे काय झाले आणि बांधणाऱ्यांनी तिच्यासाठी काय केले, हे सगळे इथे तारीखवार तपासता येते. या तपासणीतून माझे मत असे झाले आहे की या वाहिनीचा प्रभाव युद्धाच्या आधीच्या पंधरा वर्षांत आणि नंतरच्या पंधरा वर्षांत फार मोठा होता, पण प्रत्यक्ष युद्धाच्या पाच दिवसांत जवळजवळ नव्हता.

समुद्र आहे, पण वाट नाही

२० सप्टेंबर १९९४ रोजी बाकूच्या गुलिस्तान महालात अझरबैजानचे अध्यक्ष हैदर अलियेव यांच्या उपस्थितीत ज्या करारावर सह्या झाल्या, त्याला त्या देशात आजही ‘शतकाचा करार’ म्हणतात. कॅस्पियन समुद्रातील अझेरी, चिराग आणि गुनाश्ली या तेलक्षेत्रांच्या विकासाचे हक्क ब्रिटिश, अमेरिकी, नॉर्वेजियन आणि तुर्की कंपन्यांच्या संघाला मिळाले. रशियाच्या ल्युकऑइल या तेल कंपनीलाही दहा टक्के वाटा दिला गेला. हा वाटा म्हणजे मॉस्कोची नाराजी सौम्य करण्यासाठी मोजलेली किंमत होती, आणि ती पुरती वसूल झाली नाही. रशियाचे ऊर्जा खाते या कराराकडे व्यवहार म्हणून पाहत असताना त्याच देशाचे परराष्ट्र खाते, कॅस्पियनची कायदेशीर वाटणीच झालेली नाही, मग त्यातले तेल विकणारे तुम्ही कोण, असा आक्षेप घेत होते. एकाच सरकारची ही दोन तोंडे पुढेही वारंवार दिसतात. ‘रशियाचे हितसंबंध’ असा शब्दप्रयोग आपण सहज करतो. त्यात ल्युकऑइल, तेलवाहिन्या चालवणारी ट्रान्सनेफ्त, गॅसवाली गॅझप्रॉम, लष्कर आणि परराष्ट्र मंत्रालय यांची एकवाक्यता गृहीत धरलेली असते, आणि ती बहुतेक वेळा नसते.

तेल काढण्याचा प्रश्न सुटला, पण ते न्यायचे कसे हा प्रश्न त्याहून अवघड होता. कॅस्पियन हा नावाचा समुद्र आहे. महासागराला जोडणारे तोंड त्याला नाही. तेल बाहेर काढायचे तर कोणाच्या तरी भूमीवरून न्यावे लागणार, आणि १९९४ साली त्या भूमीचा जो तुकडा पाहावा तिथे एक तर युद्ध चालू होते किंवा नुकतेच थांबले होते.

उत्तरेची वाट सोव्हिएत काळापासून तयार होती. बाकूहून काळ्या समुद्रावरील नोव्होरोसिस्क बंदराकडे जाणारी ही वाहिनी ग्रोझ्नीवरून, म्हणजे चेचेन्यातून सुमारे दीडशे किलोमीटर जात होती. कराराला तीन महिने होत नाहीत तोच, डिसेंबर १९९४ मध्ये, रशियन फौजा चेचेन्यात शिरल्या. या वाटेच्या आणखी दोन अडचणी होत्या. एक म्हणजे टनाला १५.६७ डॉलर एवढे वाहतूक शुल्क. दुसरी म्हणजे कॅस्पियनचे हलके, चांगल्या प्रतीचे तेल नोव्होरोसिस्कला सायबेरियाच्या जड तेलात मिसळून विकले जाई. बासमती नेऊन मिश्र तांदळाच्या भावाने विकावा, तसा हा प्रकार होता.

दक्षिणेची, इराणमार्गे पर्शियन आखाताकडे जाणारी वाट अभियंत्यांच्या दृष्टीने सरळ आणि स्वस्त होती, पण ती अमेरिकेने राजकीय कारणाने बंद केली. तेलक्षेत्रातील पाच टक्के हिस्सा इराणला देण्याचे अलियेव यांनी कबूल केले होते. अमेरिकी दबावाखाली १९९५ मध्ये तो शब्द मागे घेतला गेला आणि १९९६ च्या निर्बंध कायद्याने इराणच्या तेलधंद्यात पैसा घालणाऱ्या परदेशी कंपन्यांवरही कारवाईची तरतूद झाली.

पश्चिमेकडे तुर्कस्तानला जाण्याची सर्वांत आखूड वाट अर्मेनियातून जात होती. नकाशावर पट्टी ठेवली तर हीच रेघ उमटते. पण मे १९९४ मध्ये अझरबैजानमधील अर्मेनियन वस्तीच्या नागोर्नो-काराबाख प्रदेशावरून चाललेल्या युद्धाची शस्त्रसंधी झाली तेव्हा काराबाखसह अझरबैजानचे भोवतालचे सात जिल्हे पूर्णतः किंवा अंशतः अर्मेनियन फौजांच्या ताब्यात होते, आणि तुर्कस्तानने १९९३ मध्येच अर्मेनियाची सीमा बंद केली होती. वाहिनी अर्मेनियातून न्यावी आणि तिला ‘शांतता वाहिनी’ म्हणावे, अशी कल्पना काही काळ मुत्सद्द्यांच्या बोलण्यात होती. ती तिथेच राहिली. आपली जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या हाती तेलाची झडपही द्यायची, हे बाकूमधला कोणताही सत्ताधारी मान्य करू शकला नसता.

उरला जॉर्जिया. याचा अर्थ जॉर्जिया शांत होता असा नाही. दक्षिण ओसेशियातील युद्ध १९९२ मध्ये आणि अबखाझियातील १९९३ मध्ये थांबले होते, दोन्ही प्रदेश तिबिलिसीच्या हातून गेले होते आणि दोन्हीकडे शांतिसैनिक म्हणून रशियाचे सैन्य बसले होते. ऑगस्ट १९९५ मध्ये अध्यक्ष एदुआर्द शेवार्दनाझे यांच्या मोटारीजवळ बॉम्बस्फोट झाला. संशय असलेले सुरक्षामंत्री पळून रशियात गेले. मार्गनिश्चिती काही आठवड्यांवर आलेली असताना हे घडल्यामुळे तिबिलिसीत अनेकांनी त्याचा संबंध तेलाशी लावला. तरीही, ज्या वाटेवरचे युद्ध त्यातल्या त्यात थिजलेले आहे ती वाट, या निकषावर जॉर्जिया निवडला गेला.

इथे कार्यकारणभाव कोणत्या दिशेने वाहतो हे नीट पाहिले पाहिजे. चेचेन्या, काराबाख, अबखाझिया, दक्षिण ओसेशिया यांतला कोणताही संघर्ष तेलवाहिनीमुळे सुरू झाला नव्हता. त्यांची मुळे सोव्हिएत संघाच्या अंतर्गत सीमारेषांत आणि त्याच्या विघटनात होती, आणि वाहिनी कागदावर येण्याआधी त्यांतले तीन लढून झाले होते. वाहिनीचा आजचा वाकडातिकडा मार्ग मात्र या चारही संघर्षांना वळसे घालत गेलेला आहे. तुर्कस्तानात शिरल्यावरही ती थेट दक्षिणेला न उतरता एर्झुरुम, एर्झिंजान, सिवास अशी उत्तरेकडून फिरून जेहानला येते. कुर्दी बंडाने धुमसणारा आग्नेय भाग बाजूला ठेवण्यासाठी घेतलेला हा पाचवा वळसा. रेफाहियेच्या स्फोटाने दाखवले की तोही पुरेसा लांबचा नव्हता.

कंपन्या आणि सरकारे

‘तेल कंपन्या सरकारांना नाचवतात’ हे गृहीतक या प्रकरणात अडखळते. ऑक्टोबर १९९५ मध्ये सुरुवातीच्या तेलासाठी एकाऐवजी दोन वाटा, एक रशियाकडे नोव्होरोसिस्कला आणि दुसरी जॉर्जियाच्या सुप्सा बंदराला, वापरण्याचा निर्णय झाला. त्याच्या काही दिवस आधी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अलियेव यांना दूरध्वनी केला होता, आणि त्यांचे पत्र घेऊन अमेरिकेचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झ्बिग्नेव ब्रेझिन्स्की बाकूला गेले होते. सुप्सा वाहिनी एप्रिल १९९९ मध्ये सुरू झाली आणि कंपन्यांचा हिशेब सरळ होता : हीच वाहिनी वाढवा, काळ्या समुद्रातून टँकर काढा आणि मोकळे व्हा. १९९८ मध्ये कच्च्या तेलाचा भाव बॅरलला १२ डॉलरच्या आसपास घसरला होता. अशा वेळी भूमध्य समुद्रापर्यंत, २,८०० मीटर उंचीचे डोंगर ओलांडणारी वाहिनी बांधणे हा त्यांच्या दृष्टीने आतबट्ट्याचा व्यवहार होता.

जेहानचा आग्रह धरणारी सरकारे होती. तुर्कस्तानला, काळ्या समुद्रातले टँकर जिथून बाहेर पडतात त्या बॉस्फरसची काळजी होती, आणि ती निव्वळ सबब नव्हती : मार्च १९९४ मध्ये त्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत ‘नासिया’ हा तेलाचा टँकर दुसऱ्या जहाजावर आदळून भीषण आग लागली होती, आणि शेजारी इस्तंबूलसारखे लाखोंच्या वस्तीचे शहर होते. अमेरिकेला नवस्वतंत्र देशांचे तेल रशिया आणि इराण या दोघांनाही टाळून बाहेर आणायचे होते. ‘आनंद म्हणजे अनेक तेलवाहिन्या’ अशा अर्थाची मोटारीवर चिकटवायची पट्टी त्या काळी अमेरिकी वर्तुळात फिरत असे. परराष्ट्र धोरण मोटारीच्या मागच्या काचेवर मावावे, असा आत्मविश्वास तेव्हा वॉशिंग्टनमध्ये होता. ऑक्टोबर १९९८ मध्ये अंकारा येथे जाहीरनामा झाला. पुढच्या वर्षी, १८ नोव्हेंबर १९९९ रोजी, इस्तंबूलमध्ये अलियेव, शेवार्दनाझे आणि तुर्की अध्यक्ष सुलेमान देमिरेल यांनी क्लिंटन यांच्या साक्षीने करार केला. कंपन्यांना राजी करण्यासाठी तुर्कस्तानने आपल्या हद्दीतील १,०७६ किलोमीटरचे काम १.४ अब्ज डॉलरच्या ठरीव रकमेत करून देण्याची हमी दिली. त्यावर जो खर्च होईल तो तुर्कस्तानने सोसायचा होता. पुढे भाव चढू लागले, जागतिक बँक समूहाच्या वित्तसंस्थेने आणि युरोपीय पुनर्बांधणी बँकेने कर्जे दिली आणि सुमारे ४ अब्ज डॉलरची ही वाहिनी उभी राहिली. १० मे २००५ रोजी बाकूजवळच्या सांगाचालच्या तळावर तेल आत सोडले गेले आणि ते जेहानला पोहोचायला २८ मे २००६ उजाडले. दिवसाला १० लाख बॅरल वाहून नेण्याची तिची क्षमता होती. तीस टक्क्यांहून थोडा अधिक वाटा असलेली बीपी तिची चालक झाली, तर अझरबैजानच्या सरकारी कंपनीकडे २५ टक्के वाटा राहिला.

म्हणजे इथे सरकारांनी कंपन्यांना राजकीय मार्गावर ओढले. कंपन्या तयार झाल्या त्या जोखीम सरकारांनी आणि सार्वजनिक बँकांनी वाटून घेतल्यावर.

जॉर्जियाने काय विकत घेतले

जॉर्जियाच्या वाट्याला वाहिनीचे फक्त २४९ किलोमीटर आले आणि वाहतूक शुल्क म्हणून बॅरलमागे काही सेंट. त्या देशाची कमाई दुसऱ्या नाण्यात होणार होती.

बोर्जोमीचे प्रकरण त्या दृष्टीने बोलके आहे. तिथल्या झऱ्यांचे खनिज पाणी सगळ्या सोव्हिएत संघात नावाजलेले होते आणि जॉर्जियाच्या थोड्याफार निर्यातीतली ती महत्त्वाची वस्तू होती. वाहिनीचा आखलेला मार्ग बोर्जोमीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जवळून, झऱ्यांच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाने जात होता. गळती झाली तर पाणी आणि नाव दोन्ही बुडेल, म्हणून पर्यावरणमंत्री नीनो च्खोबाद्झे यांनी परवानगी अडवून धरली. पण तो मार्ग दक्षिणेला सरकवला असता तर अर्मेनियन वस्तीच्या, आणि जिथे रशियाचा लष्करी तळ होता अशा, जावाखेतीत गेला असता. झऱ्याची जोखीम आणि तळाची जोखीम यांची तुलना झाली आणि झरा हरला. २००२ च्या अखेरीस, वरून प्रचंड दबाव आल्यावर, अटींसह परवानगीवर सही झाली. सुरक्षेच्या नकाशाने पर्यावरणाचा नकाशा असा पुसला जातो.

त्याच वर्षी अमेरिकेने जॉर्जियाच्या सैन्याला प्रशिक्षण आणि साहित्य देण्याचा ६.४ कोटी डॉलरचा कार्यक्रम सुरू केला. जाहीर कारण जॉर्जियातील पांकिसी खोऱ्यातील चेचेन बंडखोर आणि दहशतवाद हे होते; वाहिनीचे संरक्षण हे बोलले जाणारे पण मुख्य ओळीत न लिहिले जाणारे कारण होते. त्या आधी, १९९२ च्या एका कायद्यान्वये अझरबैजानला अमेरिकी सरकारी मदत देण्यावर असलेली बंदीही ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००२ पासून, दरवर्षी तहकूब ठेवली जाऊ लागली. शेवार्दनाझे यांना पायउतार करणाऱ्या नोव्हेंबर २००३ च्या गुलाब क्रांतीनंतर सत्तेवर आलेले मिखाईल साकाश्विली यांनी या नात्याला आणखी गती दिली. जॉर्जियाचे सुमारे २,००० सैनिक इराकमध्ये गेले, आणि एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्ट येथे नाटोने जाहीर केले की जॉर्जिया आणि युक्रेन केव्हातरी सदस्य होतील. तारीख दिली नाही. मॉस्कोला चिडवण्यापुरते ते पुरेसे होते आणि तिबिलिसीला वाचवण्यापुरते अपुरे.

तेलवाहिनीचा प्रभाव मोजायचा तर तो इथे मोजावा लागतो. आपल्या भूमीखालून पाश्चात्त्य देशांचे तेल वाहते, म्हणजे आपल्यावर वेळ आली तर ते देश धावून येतील, हा समज लहान देशाच्या राज्यकर्त्यांत हळूहळू मुरला. तो कोणी लेखी दिला नव्हता. प्रशिक्षक, कर्जे, भेटी आणि भाषणे यांतून तो तयार झाला. हा समज नसता तर साकाश्विली यांनी ७ ऑगस्टचा आदेश दिला नसता असे म्हणण्याइतका पुरावा नाही. पण त्या आदेशामागच्या हिशेबात त्याला काहीच जागा नव्हती, असे मानणेही मला कठीण वाटते.

पाच दिवस आणि त्यानंतरचे दोन आठवडे

युरोपीय संघाने नेमलेल्या, स्विस मुत्सद्दी हायडी टालियाव्हिनी यांच्या चौकशी पथकाने सप्टेंबर २००९ मध्ये अहवाल दिला. उघड लढाईची सुरुवात जॉर्जियाच्या त्स्खिन्वालीवरील तोफमाऱ्याने झाली आणि तो आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत नव्हता. रशियाचे प्रत्युत्तरही समर्थनीय बचावाच्या मर्यादेपलीकडे गेले. आणि या सगळ्याआधी अनेक वर्षे चिथावण्या चालू होत्या, असा त्याचा निष्कर्ष होता. सुमारे ८५० माणसे मेली आणि एक लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. अहवालातील कारणमीमांसेचा गाभा ओसेशिया, अबखाझिया, रशियाने तिथल्या रहिवाशांना वाटलेली पारपत्रे, सर्बियापासून वेगळ्या झालेल्या कोसोव्होचा पायंडा आणि नाटो हा आहे. तेलवाहिनी त्यात मध्यवर्ती नाही.

लढाईतही तेच दिसते. वाहिनीच्या जवळ बॉम्ब टाकले गेल्याचे जॉर्जियाने सांगितले, पण वाहिनीला इजा झाली नाही. पोती बंदरावर हल्ला झाला, गोरी शहर रशियन सैन्याने व्यापले, आणि ज्या वाहिनीसाठी हे सगळे चालल्याचे सांगितले जाते ती तशीच राहिली. ती तेव्हा रिकामी होती हे खरे. रेफाहियेच्या स्फोटाने तिचा प्रवाह आधीच थांबवला होता. हा स्फोट रशियन हॅकरांनी घडवला, असे वृत्त २०१४ मध्ये एका अमेरिकी वृत्तसंस्थेने दिले आणि नंतर जर्मन पत्रकारांनी त्यावर गंभीर शंका घेतल्या. ते वृत्त खरे धरले तरी मूळ प्रश्न सुटत नाही, कारण जॉर्जियातील सुप्सा वाहिनी आणि गॅसवाहिनी चालू होत्या, रशियन रणगाड्यांच्या आवाक्यात होत्या, आणि त्यांनाही कोणी हात लावला नाही. बीपीने त्या १२ ऑगस्टला खबरदारी म्हणून स्वतःच बंद केल्या. मग १६ ऑगस्टला कास्पीजवळचा रेल्वेपूल उडवला गेला आणि २४ ऑगस्टला गोरीजवळ तेलाने भरलेली मालगाडी सुरुंगावर जाऊन पेटली.

वाहिनी न फोडता तिची किंमत खाली आणता येते, हे या आठवड्यांत दिसले. फुटलेला पाइप दोन-तीन आठवड्यांत जोडता येतो. रेफाहियेचा भाग २५ ऑगस्टपर्यंत पुन्हा चालू झालाच. मात्र “आम्ही ठरवले तर ही वाट बंद होऊ शकते” ही जाणीव विमा कंपनीच्या, कर्ज देणाऱ्या बँकेच्या आणि शेजारी राष्ट्रप्रमुखाच्या मनात एकदा बसली की तिची दुरुस्ती होत नाही. कझाकस्तानने त्याच शरद ऋतूत जॉर्जियाच्या बातुमी बंदरात तेलशुद्धीकरण कारखाना उभारण्याचा बेत सोडून दिला.

अझरबैजानचे तेल त्या दिवसांत कुठून गेले, हा या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील आहे. उत्पादन कमी केले गेले, आणि उरलेल्यातले काही नोव्होरोसिस्कमार्गे म्हणजे रशियातून, तर थोडे कॅस्पियन ओलांडून इराणला गेले. ज्या दोन देशांना वगळण्यासाठी ४ अब्ज डॉलर खर्चून डोंगर पोखरले, संकटाच्या वेळी त्याच दोन देशांची दारे उघडी सापडली.

धावून कोण आले

अमेरिकेने इराकमधील जॉर्जियन सैनिकांना आपल्या विमानांनी मायदेशी आणून सोडले, मदतसामग्री पाठवली आणि ३ सप्टेंबरला उपाध्यक्ष डिक चेनी बाकूत उतरले. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये १ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. अमेरिकी सैनिक मात्र लढायला आला नाही, आणि येण्याची शक्यताही गंभीरपणे निर्माण झाली नाही. शस्त्रसंधी फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी घडवली. तुर्कस्तान हा वाहिनीचा मोठा लाभार्थी, पण आपल्या गरजेच्या गॅसपैकी जवळपास दोन तृतीयांश गॅस तो रशियाकडून घेत होता. मोठ्या अमेरिकी रुग्णालय-जहाजांना सामुद्रधुनीतून सोडण्यास त्याने, तिथून जाणाऱ्या लष्करी जहाजांवर बंधने घालणाऱ्या माँट्रो कराराच्या मर्यादा पुढे केल्या आणि रशियासह सर्वांना सामावणारे कॉकेशस स्थैर्य व्यासपीठ सुचवले. म्हणजे तुर्कस्तानच्या एका हाताला एक वाहिनी बांधलेली होती आणि दुसऱ्या हाताला दुसरी.

या सगळ्यातून सर्वांत व्यवहारी धडा इल्हाम अलियेव यांनी घेतला. वडिलांच्या मागे अध्यक्ष झालेल्या या नेत्याने युद्धात जॉर्जियाच्या बाजूने मोठा आवाज केला नाही, आणि जून २००९ मध्ये गॅझप्रॉमशी गॅसविक्रीचा करार केला. सुरुवातीला वर्षाला फक्त ५० कोटी घनमीटर, म्हणजे व्यापार नाममात्र. पण संदेश पूर्ण होता. वाहिनीतून आलेल्या पैशाचा मोठा भाग शस्त्रांकडे वळला. अर्मेनियाच्या सगळ्या अंदाजपत्रकाहून आमचा संरक्षणखर्च मोठा, हे ते जाहीर सभांत सांगत. विक्रेत्यांत रशिया होता, तुर्कस्तान होता आणि ज्याच्या तेलाचा मोठा वाटा जेहानच्या बंदरातून जातो तो इस्रायलही होता. २७ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या ४४ दिवसांच्या युद्धात तुर्की आणि इस्रायली ड्रोनांनी अर्मेनियाच्या फळ्या मोडल्या. त्याच युद्धात येवलाख भागात वाहिनीवर क्षेपणास्त्र डागले गेल्याचा आरोप अझरबैजानने केला आणि अर्मेनियाने तो नाकारला. सप्टेंबर २०२३ मध्ये एक लाखाहून अधिक अर्मेनियन लोक काराबाख सोडून गेले. १९९४ मध्ये ज्या युद्धाने वाहिनीला अर्मेनियातून जाऊ दिले नाही, त्या युद्धाचा निकाल वाहिनीच्या पैशाने फिरवला. वाहिनीमुळे युद्ध होते असे म्हणायचे असेल तर २००८ पेक्षा २०२० चे उदाहरण अधिक भक्कम आहे, आणि तिथेही वाहिनीवर ताबा मिळवणे हे कोणाचेच उद्दिष्ट नव्हते.

भारताचा या वाहिनीशी संबंध दूरचा असला तरी कागदोपत्री पक्का आहे. मुंबई हायमुळे आपल्या परिचयाच्या असलेल्या ओएनजीसीच्या परदेशी शाखेने, ओएनजीसी विदेशने, २०१३ मध्ये अमेरिकी हेस कंपनीकडून अझेरी–चिराग–गुनाश्ली क्षेत्रातील २.७ टक्के आणि या वाहिनीतील २.३६ टक्के वाटा सुमारे १ अब्ज डॉलरला घेतला. त्यामुळे, भारत अर्मेनियाला शस्त्रे विकतो म्हणून कुरकुरणाऱ्या आणि पाकिस्तानच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या अझरबैजानच्या मुख्य संपत्तीत भारताच्या सार्वजनिक कंपनीची भागीदारी आहे. हिस्सेदारी आणि मैत्री यांचे नाते किती सैल असते, हे दाखवायला याहून जवळचे उदाहरण नको.

कुंपणापलीकडचे दीड किलोमीटर

२६ ऑगस्ट २००८ रोजी रशियाने दक्षिण ओसेशिया आणि अबखाझिया यांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. पुढच्या काही वर्षांत ओसेशियाच्या कडेने तारेचे कुंपण आणि हिरव्या पाट्या उभ्या राहू लागल्या. एखाद्या सकाळी शेतकरी उठून पाहतो तो पाटी काही शेकडो मीटर पुढे सरकलेली असते आणि त्याचे शेत पलीकडे गेलेले असते. जुलै २०१५ मध्ये ओर्चोसानी गावाजवळ पाट्या अशाच सरकल्या, आणि सुप्सा वाहिनीचा सुमारे १.६ किलोमीटरचा तुकडा रशियन पहाऱ्याखालच्या बाजूला गेला.

जॉर्जियाने निषेध केला आणि युरोपीय निरीक्षकांनी नोंद घेतली. तेल वाहतच राहिले : जॉर्जियाच्या बाजूने आत शिरायचे, जमिनीखालून दीड किलोमीटर ओसेशियातून जायचे, पुन्हा जॉर्जियात बाहेर पडून सुप्साकडे निघायचे. हा प्रवाह तोडण्याची संधी पहारेकऱ्यांना सात वर्षे रोज उपलब्ध होती आणि त्यांनी ती घेतली नाही. सुप्साचा प्रवाह थांबला तो २०२२ मध्ये, आणि तोही ओर्चोसानीत काही झाले म्हणून नव्हे. शेकडो किलोमीटर दूर, काळ्या समुद्राच्या दुसऱ्या टोकाला, युक्रेनचे युद्ध सुरू झाले होते आणि त्या पाण्यात जायला टँकर मिळेनासे झाले होते. बीपीने ते तेल जेहानकडे वळवले.